सरपंच थेट गावातून

थेट सरपंच म्हणजे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आपल्यातून न निवडता, गावातल्या सगळ्या मतदारांनी स्वतः मत देऊन निवडलेला सरपंच. महाराष्ट्रात ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. ती परतल्यानंतर काही महिन्यांतच ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पट्ट्यात निवडणूक लागली. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी मतदान ठरलेल्या ग्रामपंचायतींमध्ये शहापूर तालुक्यातल्या ७९ आणि मुरबाड तालुक्यातल्या ३५ होत्या. हळवे भात कापणीला आलेले, दिवाळी आठवड्यावर आणि त्यातच गावोगाव दोन मतांची चर्चा, एक प्रभागातल्या सदस्यांसाठीचे आणि दुसरे सरपंचासाठीचे.

भारतीय मतदाराला हे दुसरे मत सहसा मिळत नाही. शहापूरचा मतदार लोकसभेसाठी भिवंडी मतदारसंघाचा खासदार निवडतो, विधानसभेसाठी शहापूरचा आमदार निवडतो; पण पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री यांच्या नावापुढे मतदान यंत्रावर बटण नसते. त्यांना निवडून आलेले प्रतिनिधी निवडतात. उलट जिथे अध्यक्षीय पद्धत आहे, तिथे देशाचा कारभारी मतदार स्वतः निवडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना आणि गांबिया या देशांत राष्ट्राध्यक्षाची निवड अशीच होते. थेट सरपंच हे याच पद्धतीचे गावापुरते रूप आहे. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत जे प्रश्न उभे राहतात, ते लहान आकारात गावातही उभे राहतात. किती मतांनी निवडून आलेला माणूस सगळ्यांचा मानायचा? प्रमुख एका बाजूचा आणि सभागृह दुसऱ्या बाजूचे निघाले तर काय? आणि लोकांनी निवडलेल्याला मुदतीआधी घरी पाठवायचे कोणी?

कायद्याचा प्रवास

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींचा मूळ कायदा १९५८ चा. त्यानुसार मतदार सदस्य निवडत आणि सदस्य सरपंच निवडत. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, तिने पंचायत राजला घटनेचा आधार दिला. पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातून निवडावा, असे या दुरुस्तीने बांधून दिले. गावपातळीवरच्या प्रमुखाची निवड कशी करायची, ते मात्र राज्याच्या कायद्यावर सोडले. म्हणून देशात दोन्ही रीती दिसतात. उत्तर प्रदेशात प्रधान, बिहारमध्ये मुखिया, राजस्थान आणि मध्य प्रदेशात सरपंच थेट निवडले जातात. केरळ आणि कर्नाटकात सदस्य अध्यक्ष निवडतात.

महाराष्ट्रात ही मोकळीक सत्तेच्या बदलाबरोबर इकडून तिकडे फिरली. देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने जुलै २०१७ मध्ये थेट निवडीचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तशा पहिल्या निवडणुका झाल्या. महाविकास आघाडीच्या सरकारने २०२० च्या सुरुवातीला ही तरतूद रद्द केली. त्यामुळे १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यभर झालेल्या मोठ्या मतदानात गावांनी फक्त सदस्य निवडले आणि सरपंच सदस्यांनी निवडला. जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या सरकारने थेट निवड परत आणली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. सदस्यांतून सरपंच निवडताना सात-नऊ जणांपैकी एक-दोन जण फुटले की सत्ता बदलते. निकालानंतर सदस्यांना सहलीला नेऊन ठेवण्याचे प्रकार त्यातूनच आले. गावाने थेट निवडले की हा बाजार उरत नाही, असे समर्थक म्हणतात. विरोधकांचा मुद्दा असा की सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे झाले की ठराव अडतात आणि पाच वर्षे भांडणात जातात. दोन्ही गोष्टी अनुभवाला आल्या आहेत, म्हणूनच कायदा पाच वर्षांत दोनदा फिरला.

शहापूर आणि मुरबाड

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. शहापूरमधून मुंबई-नाशिक रस्ता आणि कसाऱ्याची लोकल जाते. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून रोज हजारो लोक मुंबईकडे कामाला जातात. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणकडून येणारा रस्ता सरळगाव, टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे चढतो. भातसा, तानसा आणि वैतरणेच्या खोऱ्यांतले पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरची मागणी असो की पाड्यापर्यंतचा रस्ता, कागद निघतो तो ग्रामपंचायतीच्या ठरावापासून. सरपंचपदाचे वजन या ठरावात आहे.

शहापूर आणि मुरबाड ही तालुक्याची गावे आता ग्रामपंचायती नाहीत. दोन्हीकडे नगरपंचायत आहे. बाकी तालुक्यात एक ग्रामपंचायत म्हणजे बहुधा एक मोठे गाव आणि त्याभोवतीच्या वाड्या-पाडे. गावठाणात कुणबी आणि आगरी वस्ती, तर पाड्यांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशी मांडणी अनेक ठिकाणी दिसते.

निवडणुकीच्या दृष्टीने दोन तालुक्यांमध्ये मोठा फरक आहे. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडची काही गावेच या क्षेत्रात आहेत. अनुसूचित क्षेत्राला १९९६ चा पेसा कायदा लागू होतो. त्यानुसार पंचायतीतल्या किमान निम्म्या जागा आणि प्रमुखाची सगळी पदे अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात. म्हणजे शहापूर तालुक्यात कोणत्याही ग्रामपंचायतीचा सरपंच आदिवासीच असतो. सगळीच पदे राखीव ठेवणे घटनेत बसते का, हा वाद झारखंडमधून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने २०१० मध्ये ही तरतूद योग्य ठरवली.

थेट निवडीमुळे या आरक्षणाला वेगळा अर्थ येतो. उमेदवार आदिवासी, पण मतदार गावातले सगळे. गावठाणातल्या कुणब्याचे मत आणि कातकरी वाडीतले मत एकाच पेटीत पडते. त्यामुळे आदिवासी मते अनेक उमेदवारांत विभागली गेली की बिगरआदिवासी मते निर्णायक ठरू शकतात. आणि जिथे पाड्यांची संख्या मोठी असते, तिथे पाड्यांचा एकोपाच निकाल ठरवतो. सदस्यांतून निवड होत असे तेव्हा हा हिशेब पंचायतीच्या खोलीत होई, आता तो पाड्यापाड्यावर होतो.

मुरबाडच्या उरलेल्या भागात सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते. तहसील कार्यालय सोडत काढते. चिठ्ठ्यांतून कोणते गाव अनुसूचित जाती, जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग किंवा सर्वसाधारण गटात आणि कोणते महिलांसाठी, ते ठरते. महिलांसाठी निम्मी पदे राखीव आहेत, आणि हे शहापूरच्या आदिवासी सरपंचपदांनाही लागू आहे. २०२१ मध्ये सरपंचपदाची सोडत मतदानानंतर झाली, त्यामुळे निवडून आलेल्या बहुमताच्या गटात त्या प्रवर्गाचा माणूसच नाही, असा पेच पडण्याची शक्यता होती. थेट निवडीत उमेदवारी अर्जापूर्वीच आरक्षण माहीत असावे लागते, त्यामुळे हा पेच उद्भवत नाही.

अर्जापासून निकालापर्यंत

ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. दीड हजारांपर्यंतच्या गावात सात सदस्य, तिथून पुढे दर दीड हजारांमागे दोन वाढत जास्तीत जास्त सतरा. सरपंच या आकड्याच्या वर आणि वेगळा. उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे हवे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती अपात्र ठरते. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या सरपंचपदाच्या उमेदवाराने सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जातवैधतेची कागदपत्रे लागतात; पाड्यावरच्या उमेदवाराची खरी धावपळ बहुधा या कागदांसाठीच होते.

निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, गावातले काम तहसीलदाराच्या देखरेखीखाली चालते. पक्षाची चिन्हे नसतात. आयोगाच्या यादीतली कपबशी, छत्री, शिट्टी अशी मुक्त चिन्हे उमेदवार मागून घेतात आणि गावात पॅनेल उभी राहतात. पॅनेलच्या मागे पक्ष असतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच निकालाच्या संध्याकाळी एकाच ग्रामपंचायतीवर दोन पक्ष दावा सांगतात. खर्चाला मर्यादा आहे. २०१७ मध्ये सरपंचपदासाठी ती लहान गावात ५० हजार, मधल्या गावात १ लाख आणि मोठ्या गावात १ लाख ७५ हजार रुपये होती.

गाव एकमताने ठरवते तेव्हा मतदान टळते आणि निवड बिनविरोध होते. अर्ज माघारी घेण्याच्या दिवसापर्यंत देवळात, मारुतीच्या पारावर किंवा एखाद्याच्या ओटीवर बैठका चालतात. थेट निवडीत बिनविरोध जमवणे अवघड जाते, कारण सदस्यांच्या जागा प्रभागांत वाटून देता येतात, सरपंचपद एकच असते.

मतदानाच्या दिवशी मतदाराच्या बोटाला शाई लागते. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीतली अशी शाई म्हैसूरच्या म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात बनते, आणि तिथूनच ती पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांतही जाते. यंत्रावर सरपंचासाठी एक आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एक असे मत द्यायचे असते. तीन जागांच्या प्रभागात एकूण चार बटणे दाबावी लागतात, ती सगळी दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. नवख्या मतदाराला वेळ लागतो तो इथे. मतमोजणी तहसीलच्या ठिकाणी होते आणि गुलाल दुपारपर्यंत उधळला जातो.

मतदानाचा महिनाही परिणाम करतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऑक्टोबरमध्ये मतदान असेल तर ती गावात असतात. जानेवारीत असेल तर त्यांना आणण्यासाठी उमेदवार गाड्या पाठवतात किंवा ती मते हुकतात.

गोट्यांचे मतदान

कमी शिकलेल्या मतदाराला निवड सोपी व्हावी, हा प्रश्न भारतापुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत होता. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली जाई, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकी. गांबियाने हाच प्रश्न गोट्यांनी सोडवला. तिथे प्रत्येक उमेदवाराचे एक धातूचे पिंप असते. त्याचा रंग आणि त्याच्यावरचा फोटो उमेदवाराचा. मतदाराला काचेची एक गोटी मिळते, ती पिंपाच्या नळीत टाकली की आत घंटी वाजते. दोनदा घंटी वाजली तर बाहेरच्या अधिकाऱ्याला लगेच कळते. मोजणीसाठी गोट्या ठराविक खळगे असलेल्या तबकांत ओततात.

१ डिसेंबर २०१६ च्या मतदानात या गोट्यांनी १९९४ च्या बंडापासून सत्तेवर असलेल्या याह्या जामे यांना हरवले. विजयी अडामा बॅरो यांना सुमारे ४३ टक्के मते मिळाली होती. जामे यांनी आधी पराभव मान्य केला, मग नाकारला. बॅरो यांना १९ जानेवारी २०१७ रोजी शेजारच्या सेनेगलच्या राजधानीत, डाकारमधल्या आपल्या देशाच्या दूतावासात शपथ घ्यावी लागली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने सैन्य हलवल्यावर जामे यांनी देश सोडला.

गांबियात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, निम्म्याहून जास्त मते लागत नाहीत. महाराष्ट्रातल्या सरपंचालाही हाच नियम आहे. पाच उमेदवारांत तिसरा हिस्सा मते मिळवणारा गावाचा सरपंच होतो, जरी दोन तृतीयांश गावाने दुसऱ्यांना मते दिलेली असली तरी. घानाने १९९२ च्या राज्यघटनेत दुसरी वाट घेतली. तिथे राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मते लागतात. पहिल्या फेरीत कोणालाच ती मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. २००८ मध्ये पहिल्या फेरीत नाना अकुफो-अडो पुढे होते, पण निम्म्याला थोडे कमी पडले. दुसऱ्या फेरीत जॉन अट्टा मिल्स सुमारे ४० हजार मतांनी जिंकले. दुसऱ्या फेरीला खर्च आणि वेळ लागतो, पण निवडून आलेल्याच्या मागे निम्म्याहून जास्त मतदार उभे असतात. गावांच्या निवडणुकीत ती सोय नाही.

सरपंच एकीकडे, सदस्य दुसरीकडे

२०२० मध्ये घानात अकुफो-अडो पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले, पण संसदेत दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येकी १३७ जागा मिळाल्या. एक अपक्ष होता, तो सत्ताधाऱ्यांच्या बाजूने गेला. सभापतिपद मात्र विरोधकांकडे गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने अर्थसंकल्पच फेटाळला आणि काही दिवसांनी सत्ताधारी सदस्यांनी तो निर्णय फिरवला. प्रमुख आणि सभागृह यांना लोकांनी वेगवेगळ्या मतांनी निवडले, तर दोघेही आपल्याला जनतेचा कौल असल्याचे सांगू शकतात. अध्यक्षीय पद्धतीतला हा नेहमीचा ताण आहे.

ग्रामपंचायतीत तो लवकर दिसतो. गावाने चेहरा पाहून एका पॅनेलचा सरपंच निवडला आणि प्रभागांत नात्यागोत्याने मते दिली, की बहुमत दुसऱ्या पॅनेलकडे जाते. सरपंच सभेचा अध्यक्ष असतो, खर्चाच्या धनादेशावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याबरोबर (२०२४ पर्यंत ग्रामसेवक) त्याची सही लागते. पण ठराव बहुमताने होतो. उपसरपंच सदस्यांतूनच निवडला जातो, म्हणून सरपंचाच्या शेजारची खुर्ची विरोधी पॅनेलकडे जाण्याची शक्यता राहते. मग सरपंचाला सदस्यांशी जमवून घ्यावे लागते, नाहीतर प्रश्न ग्रामसभेपुढे न्यावा लागतो.

सरपंचाला हटवणे

सदस्यांनी निवडलेल्या सरपंचावर सदस्य अविश्वास ठराव आणू शकत आणि तो मंजूर झाला की काम संपे. थेट सरपंचाला सगळ्या गावाने निवडलेले असल्याने केवळ सदस्यांच्या हातात हे अधिकार ठेवणे विसंगत ठरले असते. म्हणून कायद्याने दोन पायऱ्या घातल्या. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. मधल्या काळात ठराव आला तर आधी तीन चतुर्थांश सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि मग विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने साध्या बहुमताची संमती लागते. ज्यांनी बसवले त्यांनाच उठवण्याचा शेवटचा शब्द दिला आहे.

पद जाण्याच्या इतर वाटाही आहेत. ग्रामसभा वेळेवर न घेणे, अतिक्रमण, जातवैधता न मिळणे किंवा गैरवर्तन सिद्ध होणे यांतून सरपंच अपात्र ठरू शकतो.

किती वेळा निवडून यायचे, यालाही देशोदेशी वेगळी उत्तरे आहेत. घानात राष्ट्राध्यक्षाला चार-चार वर्षांच्या दोनच मुदती मिळतात, गांबियाच्या राज्यघटनेत अशी मर्यादा नाही. सरपंचालाही मर्यादा नाही. मुरबाडच्या बिगरपेसा गावांत फिरते आरक्षणच मर्यादेचे काम करते, कारण पुढच्या वेळी पद त्याच प्रवर्गाकडे राहीलच असे नाही. शहापूरमध्ये मात्र पद कायम आदिवासींकडे असते आणि बदलते ती फक्त महिला आरक्षणाची चिठ्ठी. म्हणून तिथल्या चांगल्या सरपंचाला पुन्हा उभे राहण्याची शक्यता जास्त असते.

ग्रामसभेचा अधिकार

पंचायत निवडून आलेल्यांची असते, ग्रामसभा सगळ्या मतदारांची. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बिगरपेसा गावात ग्रामसभा प्रामुख्याने माहिती घेते, लाभार्थी निवडते आणि प्रश्न विचारते. पेसा क्षेत्रात तिचे अधिकार त्यापलीकडे जातात. गौण वनोपज, गौण खनिज, मद्यविक्री, सावकारी यांबाबत तिचा शब्द लागतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते आणि स्वतःची ग्रामसभा घेता येते. आदिवासी उपयोजनेतल्या निधीचा पाच टक्के वाटा २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि त्याचा वापर ग्रामसभांच्या ठरावाने व्हायचा असतो.

थेट निवडून आलेल्या सरपंचाला संपूर्ण गावाचा कौल असतो, सदस्यांना प्रभागाचा. शहापूरच्या एखाद्या पाड्याची ग्रामसभा भरते तेव्हा मात्र कौल मोजायला यंत्र लागत नाही, माणसे समोर बसलेली असतात. निधीचा हिशेब तिथेच द्यावा लागतो. पाच वर्षांची मुदत संपली की पंचायत बरखास्त होते. निवडणूक लांबली तर प्रशासक येतो आणि नवा सरपंच निवडला जाईपर्यंत कारभार त्याच्या सहीने चालतो. या मधल्या काळात सरपंच नसतो, सदस्य नसतात. ग्रामसभा मात्र बरखास्त होत नाही.